घोडी गाभण राहत नाही: संप्रेरक आणि गुणसूत्र तपासणी, कोणती कधी करायची

पागा_बारामती (धागाकर्ता)

घोडी दोन हंगाम लावूनही रिकामी राहिली की पहिला प्रश्न येतो, "हार्मोन टेस्ट कुठे होईल?" मग रक्त जवळच्या माणसांच्या लॅबमध्ये जातं. प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड असा कागद हातात येतो आणि त्यावर छापलेल्या मर्यादा बायकांच्या असतात. त्यांच्याशी घोडीचा आकडा जुळवून औषध सुरू होतं. यात हंगाम हातचा जातो, म्हणून या तपासण्यांवर एकाच जागी नीट चर्चा व्हावी असं वाटलं.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. घोडी न राहण्याची बहुतेक कारणं संप्रेरकांत नसतात, गर्भाशयाच्या पिशवीत असतात. योनीची ठेवण बिघडून हवा आत जाते, लीद आत जाते, गर्भाशयाचा दाह होतो, लावल्यानंतर आत पाणी साठून राहतं. म्हणून माजावर असताना गर्भाशयाचा स्वॅब, त्याच वेळी पेशींची तपासणी आणि सोनोग्राफी एवढं झाल्याशिवाय संप्रेरकांसाठी रक्त काढू नये. नुसतं कल्चर (जंतू वाढवून पाहणं) करून पेशी न पाहणं हे अर्धं काम आहे, कारण जंतू बाहेरूनही चिकटून येतात. पांढऱ्या पेशी दिसल्या तरच दाह म्हणायचा. घोडी वयस्कर असेल किंवा स्वॅब स्वच्छ असूनही राहत नसेल तर गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी करावी. केनी-डॉइग वर्गवारीत पहिल्या वर्गातल्या घोडीला शिंगरू होण्याची शक्यता ८० ते ९० टक्के धरतात, दोन-अ मध्ये ५० ते ८०, दोन-ब मध्ये १० ते ५० आणि तिसऱ्या वर्गात १० टक्क्यांच्या आत. तिसऱ्या वर्गाच्या घोडीचं प्रोजेस्टेरॉन कितीही सुंदर आलं तरी उपयोग नाही.

आणि घोडा तपासला का? त्याच घोड्याखाली बाकीच्या घोड्या राहिल्या आहेत का, हे आधी विचारा.

हे सगळं होऊनही उत्तर मिळालं नाही, किंवा घोडी माजावरच येत नाही, घोड्यासारखी वागते, एक अंडाशय फुगलंय, की मग रक्त. रक्तावर तारीख, माजाचा कितवा दिवस आणि त्या दिवशीची सोनोग्राफी लिहिलेली नसेल तर आकड्याला अर्थ राहत नाही.

खोगीर_नंदुरबार

चांगला धागा. एक प्रश्न लगेच विचारतो. सारंगखेड्याच्या बाजारातली मारवाडी घोडी, दातांवरून पाचेक वर्षांची. डिसेंबर अखेरच्या सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयं लहान, मोठं फॉलिकल (बीज वाढवणारी पाण्याची पिशवी) एकही नाही. प्रोजेस्टेरॉन ०.३ नॅनोग्रॅम प्रति मिली. "जन्मजात दोष आहे, काढून टाका" असा सल्ला मिळाला आहे. गुणसूत्र तपासणी आत्ताच करावी का?

डॉ_माणदेश

खोगीरभाऊ, आत्ता नको. डिसेंबर अखेर म्हणजे वर्षातले सगळ्यात लहान दिवस. घोडी वाढत्या दिवसांबरोबर माजावर येणारं जनावर आहे. आपल्या अक्षांशावर दिवस फार आखडत नाहीत, त्यामुळे काही घोड्या हिवाळ्यातही फिरत राहतात, म्हणजे त्यांचं माजाचं चक्र चालू असतं, पण बऱ्याच थांबतात. थांबलेल्या घोडीत अगदी हेच चित्र दिसतं: लहान अंडाशयं, प्रोजेस्टेरॉन १ च्या खाली. त्यात बाजाराचा प्रवास आणि उतरलेली तब्येत. फासळ्या उघड्या असतील तर आधी तिचं अंग भरू द्या.

एकट्या ०.३ या आकड्यावरून "त्या दिवशी पीतपिंड (फॉलिकल फुटल्यावर तिथे तयार होणारी, प्रोजेस्टेरॉन सोडणारी ग्रंथी) नव्हता" एवढंच कळतं. माजावर असलेल्या निरोगी घोडीतही हाच आकडा येतो. चक्र २१-२२ दिवसांचं, त्यात माज ५ ते ७ दिवसांचा, आणि प्रोजेस्टेरॉन कमी असण्याचा काळ साधारण आठवडाभराचा. म्हणून १० दिवसांच्या अंतराने दोन नमुने घ्या. फिरत्या घोडीत दोन्ही १ च्या खाली येणं अवघड आहे. दोन्ही कमी आले तर ती थांबलेली आहे, एवढं पक्कं झालं. का थांबली आहे ते त्यातूनही कळत नाही.

लवकर उत्तर हवं असेल तर उजेड द्या. दिवसाचा आणि दिव्याचा मिळून रोज १६ तास उजेड, ८ तास अंधार. ठाणात उभं राहून छापील मजकूर आरामात वाचता येईल एवढा तरी प्रकाश हवा आणि सावलीचा कोपरा असू नये. फळ दिसायला दोन-अडीच महिने लागतात. फॉलिकल वाढायला लागली की आधी संक्रमणाचा काळ येतो: माज लांबतो, दोन-तीन आठवडेही चालतो, ३० मिलिमीटरपर्यंतची फॉलिकल येतात आणि न फुटताच जिरतात. त्यालाही दोष म्हणू नका. पहिलं फॉलिकल फुटलं की चक्र बहुधा नियमित होतं.

एप्रिल-मेमध्येही, तब्येत चांगली असताना, दर आठवड्याच्या तीन-चार सोनोग्राफींत काहीच हललं नाही, तर गुणसूत्रांकडे वळा. तेव्हा हाताला काय लागतं ते महत्त्वाचं. थांबलेल्या सामान्य घोडीच्या अंडाशयात ५-१० मिलिमीटरची बारीक फॉलिकल दिसतातच. ज्यांच्यात एक एक्स गुणसूत्र नाही त्यांची अंडाशयं सुपारीएवढी, गुळगुळीत, टणक, आणि आत फॉलिकल नाहीच किंवा जेमतेम. गर्भाशय बारीक आणि ढिलं, गर्भाशयमुख फिकट आणि सैल.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या: ती आधी कधी व्यायली आहे का? व्यायलेल्या घोडीत पूर्ण ६३,एक्स (६४ ऐवजी ६३ गुणसूत्रं, एकच एक्स) दोषाचा विचार जवळजवळ बाजूला पडतो.

पागा_बारामती

डॉक्टरांच्या उत्तरात भर. घोडी शर्यतीतून आलेली असेल तर तिला अॅनाबॉलिक स्टेरॉइड दिली होती का, ते शोधा. त्याने अंडाशयं महिनोन्महिने थंड पडतात आणि घोडी घोड्यासारखी वागू लागते. रक्ताचा कागद पाहून हे ओळखता येत नाही, विचारूनच कळतं.

आता प्रोजेस्टेरॉन. हा आकडा तीन वेगवेगळ्या प्रश्नांसाठी मागवतात आणि तिन्हींचा दिवस वेगळा आहे.

फॉलिकल फुटलं का, हे पाहायचं असेल तर माज संपल्यावर ५ ते ७ दिवसांनी रक्त घ्या. ४ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर पीतपिंड नीट काम करतोय. १ च्या खाली असेल तर माज दिसला, पण फॉलिकल फुटलं नाही. इथे एक फसगत आहे. न फुटता रक्ताने भरलेलं फॉलिकलही पुढे पीतपिंडासारखं वागून प्रोजेस्टेरॉन सोडतं. आकडा ५ येतो आणि वाटतं की फुटलं. त्या दिवसांतली सोनोग्राफी असेल तर फरक कळतो: फॉलिकल मोठं होत जातं, ५०-६० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, आणि आत तरंगणारे पांढरे ठिपके, मग जाळ्यासारखे धागे दिसतात. म्हणजे आकडा बरोबर, निष्कर्ष चूक.

दुसरा प्रश्न, पीतपिंड अडकला आहे का. लावलेली नाही किंवा १६ दिवसांना रिकामी दिसली, तरी माज नाही. अशा वेळी प्रोजेस्टेरॉन १ च्या वर असेल तर प्रोस्टाग्लॅन्डिन, म्हणजे पीतपिंड मोडणारं औषध: डायनोप्रॉस्ट ५ मिलिग्रॅम किंवा क्लोप्रोस्टेनॉल २५० मायक्रोग्रॅम, सुमारे ५०० किलोच्या घोडीला, मांसात. फॉलिकल फुटून ५ दिवस झालेले नसतील तर एका डोसने पीतपिंड बहुधा जात नाही आणि लोक "औषध लागू पडलं नाही" म्हणतात. टोचल्यानंतर घाम, थोडी पोटदुखी, पातळ लीद हे अर्ध्या-पाऊण तासात ओसरतं. तीन-चार दिवसांत माज येतो. देण्याआधी घोडी गाभण नाही याची सोनोग्राफीने खात्री करा, कागदावर भरवसा ठेवू नका. आणि देणाऱ्याने हातमोजे घालावेत. गरोदर बाई किंवा दम्याचा माणूस या औषधाला हात लावणार नाही, हे पागेत सगळ्यांना सांगून ठेवा.

तिसरा प्रश्न गाभणपणाच्या आधाराचा. त्यावर पुढे कोणी विचारलं तर लिहितो.

लगाम_सांगली

माझ्याकडचा कागद वाचून द्या. घोडी ११ वर्षांची, पूर्वी दोनदा व्यायलेली. सात-आठ महिने माज नाही, इतर घोड्यांवर चढते, मान जाड झाली आहे. डावं अंडाशय ९ सेंटीमीटर, उजवं लहान. टेस्टोस्टेरॉन ६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. लॅबने समोर "कमी" असा शेरा मारलाय.

डॉ_माणदेश

हा कागद सगळ्यांनी लक्ष देऊन पाहावा. १ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे १० पिकोग्रॅम प्रति मिली. तुमचा आकडा झाला ६० पिकोग्रॅम. रिकाम्या घोडीत हा साधारण २० ते ४५ पिकोग्रॅम असतो. म्हणजे बाईच्या मापाने "कमी" आणि घोडीच्या मापाने वाढलेला. शिवाय माणसांची यंत्रं इतक्या खालच्या पातळीवर नेमकी मोजत नाहीत, त्यामुळे ६० हा आकडाही कच्चाच धरा. घोड्यांच्या रक्तासाठी प्रमाणित केलेल्या पद्धतीने पुन्हा मोजून घ्या.

तत्पूर्वी ती गाभण नाही ना, हे बघा. हसू नका, हे होतं. गाभणपणात दुसऱ्या महिन्यानंतर टेस्टोस्टेरॉन चढतं, जादा पीतपिंडांमुळे अंडाशयं मोठी होतात आणि घोडी चढायला लागते.

ती रिकामी असेल तर तुम्ही सांगितलेली लक्षणं ग्रॅन्युलोसा पेशींच्या गाठीशी जुळतात. घोडीच्या अंडाशयातली ही सगळ्यात जास्त आढळणारी गाठ. सोनोग्राफीत आत अनेक लहान-मोठ्या पाण्याच्या पिशव्या, मधाच्या पोळ्यासारखं चित्र. कधी मात्र ती एकसंध घट्टही दिसते किंवा एकच मोठी पिशवी असते, त्यामुळे पोळं दिसलं नाही म्हणून गाठ नाही असं म्हणू नका. हाताने पाहिलं तर अंडाशयाच्या कडेची खाच, जिथून बीज बाहेर पडतं, ती लागत नाही. आणि दुसरं अंडाशय आक्रसलेलं, कारण गाठ इनहिबिन सोडते आणि त्याने मेंदूकडून येणारं, फॉलिकल वाढवणारं एफएसएच हार्मोन दबतं. हे दुसरं अंडाशय फार महत्त्वाचं. ते लहान आणि निष्क्रिय असेल तर गाठ. ते नेहमीसारखं फिरत असेल, घोडी माजावर येत असेल आणि एकच अंडाशय अचानक फुगलं असेल तर बहुधा रक्ताची गुठळी, जी काही आठवड्यांत आपोआप जिरते.

रक्तात तीन गोष्टी पाहतात. टेस्टोस्टेरॉन गाठ असलेल्या निम्म्या-साठ टक्के घोड्यांतच वाढतं, म्हणून ते सामान्य आलं तरी गाठ नाकारता येत नाही. घोड्यासारखं वागणं मात्र त्याच्याशी जोडलेलं आहे. इनहिबिन दहातल्या सुमारे नऊ घोड्यांत वाढतं. सामान्य मर्यादा ०.१ ते ०.७ नॅनोग्रॅम. तिसरं अँटी-म्युलेरियन हार्मोन, एएमएच. आजच्या घडीला सगळ्यात भरवशाचं हेच, कारण ते माजाच्या दिवसाप्रमाणे किंवा गाभणपणामुळे फारसं हलत नाही. सामान्य घोडीत ते बहुधा ४ नॅनोग्रॅमच्या आत असतं. ४ च्या पुढे संशय धरून महिन्याने पुन्हा मोजायचं. ८ च्या पुढे गेलं की गाठ मानायची. गाठीत ते दहापट, शंभरपटही जातं. कागदावर पिकोमोल प्रति लिटर लिहिलेलं असेल तर ७.१४ ने भागा.

एएमएचसाठी माणसांचं प्रत्येक किट घोड्याचं हार्मोन पकडत नाही. पकडलं नाही तर आकडा शून्याजवळ येतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. लॅबला सरळ विचारा, "घोड्याच्या रक्तावर पडताळलंय का?" उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे पाठवू नका.

उपाय शस्त्रक्रिया: ते अंडाशय काढणं, उभ्या घोडीत दुर्बिणीने किंवा कुशीतून. गाठ बहुतेक वेळा पसरणारी नसते. दुसरं अंडाशय जागं व्हायला साधारण सहा ते आठ महिने, कधी वर्षही. म्हणून हंगाम संपता संपता शस्त्रक्रिया केली तर पुढच्या हंगामात घोडी लावण्यायोग्य होते.

तांबडी_माती

माझा प्रश्न वेगळा आहे. घोडी ४० दिवसांना गाभण होती, ठोके दिसले होते. ६२ दिवसांना पिशवी रिकामी. रक्तातली गाभण चाचणी मात्र अजून पॉझिटिव्ह. माज धड येत नाही. चाचणी चुकली म्हणायची का?

पागा_बारामती

ताई, चाचणी बरोबर आहे, ती मोजते ते वेगळं आहे. साधारण ३६-३७ व्या दिवशी गर्भाच्या आवरणातल्या पेशी घोडीच्या अस्तरात शिरून कप तयार करतात आणि ते ईसीजी नावाचं हार्मोन सोडतात. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने केलेलं किटही याच हार्मोनवर चालतं. गर्भ गेला तरी कप आपल्या मुदतीपर्यंत, म्हणजे १२०-१५० दिवसांपर्यंत जिवंत राहतात. तोवर चाचणी पॉझिटिव्ह येते आणि नियमित माज येत नाही. फॉलिकल येतात, ती न फुटता पीतपिंडासारखी होतात. त्या काळात प्रोस्टाग्लॅन्डिनची इंजेक्शनं मारत राहून फारसं हाती लागत नाही.

गर्भ जिवंत आहे का हे रक्तावरून पाहायचं असेल तर १०० दिवसांनंतर इस्ट्रोन सल्फेट बघा, ते गर्भामुळेच वाढतं. काही घोड्यांत कप मुदतीनंतरही टिकतात, अगदी पुढच्या हंगामापर्यंत. गेल्या वर्षी गाभडलेली घोडी यंदा विचित्र वागत असेल आणि अंडाशयात गाठ नसेल, तर ईसीजी एकदा मोजाच. फार कमी लोकांना हे सुचतं.

गुणसूत्र_६४

मी जनुकीय बाजू लिहितो.

घोड्यात ६४ गुणसूत्रं: ३१ जोड्या अधिक लिंगगुणसूत्रांची एक जोडी. मादी ६४,एक्सएक्स. वांझ घोड्यांत सगळ्यात जास्त आढळणारा गुणसूत्रदोष म्हणजे ६३,एक्स. बाहेरून घोडी अगदी घोडीच दिसते, काही वेळा अंगाने थोडी लहान. काही घोड्या घोड्याला उभ्याही राहतात, कारण प्रोजेस्टेरॉन नसताना घोडी तशी वागू शकते. त्यामुळे "माज तर दाखवते" हे गुणसूत्रं ठीक असल्याचं लक्षण नव्हे. या दोषावर औषध नाही. तो आनुवंशिक नाही, बीज किंवा शुक्रजंतू तयार होताना अपघाताने घडतो, म्हणून तिच्या आईला किंवा बापाला पैदाशीतून काढायचं कारण नाही. घोडी सवारीला चालते.

काही घोड्यांत पेशींचं मिश्रण असतं, ६३,एक्स आणि ६४,एक्सएक्स. त्यांच्यात अनियमित चक्र, क्वचित शिंगरूही. इथे किती पेशी मोजल्या याला फार महत्त्व आहे. ३० पेशी मोजून सगळ्या सामान्य आल्या तर १० टक्के किंवा जास्त मिश्रण ९५ टक्के खात्रीने नाकारता येतं. ५ टक्क्यांचं मिश्रण नाकारायला ६० मोजाव्या लागतात. एखाद-दुसऱ्या पेशीत ६३ दिसलं तर घाबरू नका, स्लाइड करतानाही एखादं गुणसूत्र निसटतं.

दुसरा गट ६४,एक्सवाय, दिसायला घोडी. यात दोन प्रकार. एकात वाय गुणसूत्राचा नर घडवणारा एसआरवाय जनुक गळालेला असतो, म्हणून नर घडतच नाही: अंडाशयाच्या जागी नुसते तंतू, माज नाही, घोडी बऱ्याचदा उंचपुरी. दुसऱ्यात एसआरवाय जागेवर असतो, पोटात वृषण असतात, पण टेस्टोस्टेरॉनला प्रतिसाद देणारा एआर जनुक बिघडलेला असतो. बाहेरून घोडी, वागणं घोड्याचं, टेस्टोस्टेरॉन घोड्याच्या पातळीचं, आणि वृषणातल्या पेशींमुळे एएमएचही चढलेलं. म्हणून डॉक्टरांच्या मुद्द्याला जोड: एएमएच आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही वाढलेले, घोडी कधी व्यायलेली नाही आणि अंडाशयात गाठ सापडत नाही, तर शस्त्रक्रियेआधी गुणसूत्रं तपासा. एआरचा दोष मात्र आनुवंशिक आहे. तो एक्सवर बसतो आणि वाहक आईकडून येतो. तिच्या एक्सवाय शिंगरांपैकी निम्म्यांत दोष, एक्सएक्स मुलींपैकी निम्म्या वाहक. तिथे आईबद्दल विचार करावाच लागतो.

लगाम_सांगली

मग थेट आयाळीचे केस पाठवून एसआरवायची पीसीआर (जनुक आहे की नाही ते पाहणारी चाचणी) का करू नये? स्वस्त आहे, रक्त नासण्याची भीती नाही.

गुणसूत्र_६४

लगामभाऊ, केस पाठवा, पण नुसत्या एसआरवायवर विसंबू नका. एसआरवाय गळालेल्या ६४,एक्सवाय घोडीत ती चाचणी निगेटिव्ह येणार, म्हणजे "मादी" असं उत्तर. ६३,एक्स मध्येही निगेटिव्ह, पुन्हा "मादी". म्हणजे सगळ्यात जास्त आढळणारे दोष निसटले. त्यासोबत अॅमेलोजेनिन जनुकाचे एक्स आणि वाय असे दोन्ही तुकडे पाहिले तर पहिला प्रकार सापडतो: अॅमेलवाय आहे, एसआरवाय नाही. ६३,एक्स तरीही सापडत नाही, कारण पीसीआर आहे-नाही सांगते, एक आहे की दोन हे सांगत नाही.

मारवाडीची किंवा थरोब्रेडची पालकत्व चाचणी आधी झाली असेल तर त्या कागदात एक धागा मिळतो. त्यातला एलईएक्स३ हा मार्कर एक्स गुणसूत्रावर आहे. घोडीत तिथे दोन वेगळे आकडे असतील तर तिच्याकडे दोन एक्स आहेत, निदान काही पेशींत तरी. एकच आकडा असेल तर काहीच सिद्ध होत नाही, दोन्ही एक्सवर तोच प्रकार असू शकतो.

उलटीही फसगत आहे. रक्तावर एसआरवाय पॉझिटिव्ह आला आणि घोडी नीट फिरतेय, तर ती जुळ्यातली आहे का विचारा. नर जुळ्याचं रक्त गर्भातच मिसळलेलं असू शकतं. गाईत नराबरोबर जुळी जन्मलेली कालवड सहसा वांझ असते, अशी घोडी मात्र सहसा वांझ नसते. केसांच्या मुळांवर चाचणी केली की एसआरवाय निगेटिव्ह येतो आणि उलगडा होतो. कित्येक चांगल्या घोड्या अशा कागदामुळे विकल्या जाऊ शकतात, म्हणून रक्त आणि केस दोन्हीवर बघा.

६३,एक्सचं पक्कं उत्तर कॅरिओटाइपमध्येच, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजण्यातच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी सुमारे ७२ तास वाढवतात, कोल्सेमिडने विभाजन अडवतात, पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात फुगवतात, मिथेनॉल आणि असेटिक आम्ल ३:१ मध्ये घट्ट करून काचपट्टीवर थेंब सोडतात. सूक्ष्मदर्शकाखाली घोड्याचं एक्स ओळखणं त्यामानाने सोपं, कारण ते आकाराने दुसऱ्या क्रमांकाचं मोठं आहे आणि सी-पट्ट्यांमध्ये त्याच्या लांब बाहूवर मधोमध एक गडद पट्टा उठतो. अहवालात कंसात पेशींची संख्या लिहिलेली असते. ती नसेल तर मागून घ्या.

तांबडी_माती

मग वारंवार उलटणाऱ्या घोडीचं काय? माज नियमित, १४ दिवसांना गर्भाची पिशवी दिसते, २८ ला नाही. स्वॅब आणि बायोप्सी ठीक.

गुणसूत्र_६४

तिथे दोन गुणसूत्रांमधली अदलाबदल शक्य आहे, म्हणजे एकाचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला. घोडीत एकूण माल पूर्ण असतो, म्हणून ती धडधाकट. पण बीज तयार होताना वाटणी विषम होते आणि गर्भ टिकत नाही. नुसत्या मोजणीत ६४ च येतात. त्यासाठी पट्ट्यांचं रंगकाम केलेला कॅरिओटाइप मागा. दोन वेगवेगळ्या, सिद्ध झालेल्या घोड्यांकडून लावूनही तेच घडलं तर ही तपासणी करा, एका घोड्यावरून नको, कारण तोही वाहक असू शकतो. अशा घोडीचं एखादं शिंगरू टिकलं तर त्यालाही तपासा, अर्ध्या वेळा ते वाहक निघतं. आणि घोडी पंधराच्या पुढची असेल तर आधी वयाचा विचार करा. म्हाताऱ्या बीजातून असे गर्भ वारंवार जातात.

डॉ_माणदेश

याच घोड्यांना सर्रास प्रोजेस्टेरॉन दिलं जातं, त्याबद्दल. लावल्यानंतरच्या दिवसांत आकडा ४ च्या खाली आढळला तर आधार द्यायला माझी हरकत नाही: अल्ट्रेनोजेस्ट ०.०४४ मिलिग्रॅम प्रति किलो, रोज तोंडावाटे. पण पीतपिंड मुळातच कमजोर असणं हे कारण सिद्ध करणं कठीण आहे. बऱ्याचदा पिशवीतल्या दाहामुळे प्रोस्टाग्लॅन्डिन सुटतं आणि पीतपिंड मरतो. मूळ दाह तसाच ठेवून आधार दिला तर गर्भाशयमुख बंद राहतं आणि घाण आत कोंडते.

पागा_बारामती

हे मला थोडं कडक वाटतं. एकदा गर्भ गेलेल्या मौल्यवान घोडीला १०० ते १२० दिवसांपर्यंत आधार देण्याची पद्धत बऱ्याच स्टडवर आहे आणि मालकाला तो धोका पत्करायचा नसतो.

डॉ_माणदेश

देऊ नका असं म्हणत नाही. आधी स्वॅब करा, मग द्या, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी गर्भ जिवंत आहे का ते सोनोग्राफीत पाहा. मेलेला गर्भ आधारामुळे आत अडकून पडतो. अल्ट्रेनोजेस्ट चालू असताना मोजलेलं प्रोजेस्टेरॉन हे घोडीचं स्वतःचंच समजा, बहुतेक पद्धतींत हे औषध मोजलं जात नाही. त्यामुळे "औषध देऊनही आकडा वाढला नाही" म्हणून डोस वाढवू नका. आणि पाचव्या महिन्यानंतर प्रोजेस्टेरॉन मोजायचंच नाही. तेव्हा वार दुसऱ्याच प्रकारची संप्रेरकं बनवते आणि आकडा लॅबगणिक बदलतो.

खोगीर_नंदुरबार

थायरॉइडचं काय? बरेच जण पावडर देतात.

डॉ_माणदेश

मोठ्या घोड्यात थायरॉइड खरोखर कमी असणं फार दुर्मीळ. आजारपणात, उपासमारीत आणि फेनिलब्युटाझोन (वेदनाशामक) चालू असताना टी४ हे थायरॉइडचं हार्मोन खाली येतंच. त्यावरून पावडर देऊ नका. घोडी १५ वर्षांच्या पुढची, केस उन्हाळ्यातही न झडणारी, पाय वारंवार धरणारी असेल तर पिट्युटरी या मेंदूजवळच्या ग्रंथीच्या विकारासाठी तिचं एसीटीएच हार्मोन बघा. ईडीटीए नळी, लगेच बर्फात, काही तासांत प्लाझ्मा वेगळा. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये ते निरोगी घोड्यांतही चढतं, तेव्हा त्या महिन्यांची वेगळी मर्यादा वापरणाऱ्या लॅबकडेच पाठवा.

गुणसूत्र_६४

नमुने पाठवण्याचं लिहून ठेवतो, कारण अर्धे नमुने इथेच वाया जातात.

संप्रेरकांसाठी लाल टोपणाची साधी नळी, जेल नसलेली. जेल प्रोजेस्टेरॉन शोषून घेतं. रक्त गोठलं की सीरम वेगळं करा, गोठवा आणि बर्फाच्या पिशव्यांत पाठवा. रक्तासकट कधीही गोठवू नका. कॅरिओटाइपला याच्या नेमकं उलट: हिरव्या टोपणाची सोडियम हेपॅरिनची नळी, १० मिली, जागा स्पिरिटने स्वच्छ करून, पेशी जिवंत राहिल्या पाहिजेत म्हणून न गोठवता. लिथियम हेपॅरिनचं टोपणही हिरवंच असतं, नळीवरचं वाचा. ईडीटीए चालत नाही, त्यात पेशी वाढत नाहीत. नळी बर्फाला थेट टेकू देऊ नका, मध्ये वर्तमानपत्राची घडी ठेवा. २४ ते ४८ तासांत पोहोचायला हवी, म्हणून सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा आणि लॅबला आदल्या दिवशी फोन करा.

केस आयाळीचे, कातडीजवळ बोटाला गुंडाळून झटक्यात उपटलेले, ३० ते ४०. टोकाला पांढरी गाठ डोळ्यांना दिसली पाहिजे. कापलेल्या केसांत मूळ नसतं. कोरडे करून कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये दमट होऊन बुरशी धरते. परदेशातल्या लॅबला रक्त पाठवायला परवाने लागतात आणि तोवर पेशी मरतात, म्हणून कॅरिओटाइपसाठी देशातलीच पशुवैद्यकीय संस्था गाठा आणि घोड्यांचा कॅरिओटाइप करता का, किती पेशी मोजता, हे नळी भरण्याआधी विचारा.

फॉर्मवर वय, आधी व्यायली का, शेवटचा माज, अंडाशयांची मापं डावं-उजवं वेगळी, चालू औषधं आणि जुळ्यातली आहे का, हे सगळं लिहा. "वांझपणा तपासा" एवढंच लिहिलेला नमुना आला तर लॅबला काय शोधायचं तेच कळत नाही.